मोतीबिंदूची लेन्स बदलून घ्यायचीय? मग आधी यागला थांबवा

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं, ठाण्यातच, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. दिवाळीत तिने दारात पहिली पणती लावली आणि तिथेच बसून राहिली, म्हणाली अगं ह्या ज्योतीभोवती कडी का दिसतायत, एकात एक, तीन-तीन. मी म्हटलं ड्रॉप चालू आहेत ना, त्याने असेल. मग देवदिवाळी झाली, ड्रॉप संपले, कडी तशीच. समोरून गाडी आली की तिला हेडलाइटच्या जागी मोठं जाळीदार चक्र दिसायचं, आणि दिवसासुद्धा सगळं 'तेलकट काचेतून बघितल्यासारखं'. हा तिचाच शब्द.

गंमत म्हणजे तक्त्यावर ती ६/९ ची, म्हणजे जवळजवळ नॉर्मल नजरेची ओळ वाचत होती. त्यामुळे जिथे ऑपरेशन झालं तिथे दर वेळी एकच उत्तर, रिझल्ट छान आहे काकू, सवय होईल. जानेवारीत म्हणाले लेन्सच्या मागे थोडी जाळी आलीय, याग लेझर मारून टाकू, पाच मिनिटांचं काम. तारीखपण दिली होती. मी कोपरखैरण्याला राहते, माझ्या सोयीसाठी म्हणून वाशीत एका दुसऱ्या डॉक्टरांना सहज दाखवलं आणि त्या 'सहज' मुळे वाचलो. याग झालं नाही, फेब्रुवारीत लेन्स बदलली.

मी डॉक्टर नाही, खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. पण त्या चार महिन्यांत तीन डॉक्टरांना एवढे प्रश्न विचारले की आता बिल्डिंगमधले लोक मलाच विचारायला येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. तुमच्या डोळ्याचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, हे फक्त त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं त्यासाठी.

आत नक्की काय बसवलेलं असतं

हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून दोन मिनिटं द्या. द्राक्ष घ्या, सालीला पुढून गोल छेद करून आतला गर काढून घ्या, साल तशीच ठेवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये हेच करतात. गढूळ झालेला गर जातो आणि त्या रिकाम्या सालीत, जिला डॉक्टर बॅग म्हणतात, नवीन लेन्स बसते. लेन्सचा मधला गोल भाग साधारण ६ मिलिमीटरचा, म्हणजे भिजलेल्या साबुदाण्यापेक्षा जरा मोठा, आणि त्याला दोन बाजूंना दोन वाकडे हात असतात जे बॅगेत टेकून लेन्सला मधोमध धरून ठेवतात. लेन्स घडी करून आत सोडतात म्हणून छेद अडीच-पावणेतीन मिलिमीटरचाच लागतो आणि टाकापण लागत नाही.

ही बॅग प्रचंड नाजूक. मागची बाजू तर मधोमध ४ मायक्रॉनच्या आसपास, आपला केसच ६०-७० मायक्रॉन जाड असतो. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत ही साल लेन्सभोवती आक्रसायला लागते, घट्ट बसते, हातांना चिकटते. नव्या उशीला अभ्रा घातलाय आणि दुसऱ्या दिवशी काढायचाय तर सरकन निघतो, पण तो आतून उशीला चिकटतच गेला तर काय होईल तसं. लेन्स बदलणं सोपं का अवघड हे जवळजवळ सगळं ह्या सालीवर असतं, ती धड आहे का, मागून फाटलीय का आणि किती चिकटलीय.

तसं लेन्सचा नंबर चुकणं हे ह्या ऑपरेशनइतकंच जुनं आहे. हॅरोल्ड रिडली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लंडनमध्ये १९४९ साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली, विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे पायलटांच्या डोळ्यात जाऊनही डोळा त्रास करून घेत नाही हे त्याने युद्धात बघितलं होतं. त्या पहिल्या पेशंटला नंतर जबरदस्त मोठा मायनस नंबर आला होता. तेव्हा मोजायची मशीनच नव्हती. आता आहेत, तरी डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटरचा फरक पडला तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनचा फरक पडतो, त्यामुळे चूक अजूनही होऊ शकते. ज्यांचं आधी लेसिक (चष्मा काढायचं लेझर) झालंय किंवा मुळात मोठा मायनस नंबर होता त्यांच्यात जास्त.

पायरी १: घरीच चार गोष्टी लिहून काढा

वाशीच्या डॉक्टरांनी टॉर्च लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला. काकू, पट्टी काढली त्या दिवसापासून असंच दिसतंय, की आधी छान दिसत होतं आणि मग बिघडलं? आई म्हणाली पहिल्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाले मग ही जाळी नाही.

हे एवढं साधं आहे. आधी स्वच्छ दिसत होतं आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू धूसर झालं, तर बॅगेच्या मागच्या सालीवर जाळी आली असण्याची शक्यता जास्त, ज्याला लोक 'पुन्हा मोतीबिंदू आला' म्हणतात (पुन्हा येत नाही, ती साल गढूळ होते). पहिल्यापासूनच गडबड असेल तर नंबर, लेन्सचा प्रकार किंवा डोळ्याचा मागचा पडदा म्हणजे रेटिना ह्यात शोधायचं. आणि अचानक एका दिवसात बिघडलं, एकाचे दोन दिसायला लागले किंवा दृश्याच्या मधे एक वाकडी कड दिसते, तर लेन्स सरकली असू शकते, तेव्हा हे वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

दुसरं, एक एक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळ्यांनी बघून 'नीट दिसत नाही' म्हणण्याला काही अर्थ नसतो. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, हातातला पेपर घ्या, आणि रात्री रस्त्यावरचा एक दिवा, तिन्ही बघून लिहून ठेवा कुठे त्रास होतो.

तिसरी युक्ती मला नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने शिकवली. जाड काळ्या पुठ्ठ्याला टाचणीने एक बारीक भोक पाडायचं, चष्मा न लावता त्यातून कॅलेंडर वाचायचं. भोकातून एकदम स्पष्ट दिसलं तर बहुतेक नंबराचा मामला आहे, म्हणजे चष्म्यानेही सुटू शकेल. भोकातूनही तसंच धुरकट, तर कारण वेगळं आहे. हे निदान नाही बरं का, फक्त दिशा.

चौथं, त्रासाची खरी किंमत. आई संध्याकाळी एकटी जिना उतरायची बंद झाली होती, तलावपाळीला फिरायला जाणं सुटलं होतं, कारण तिथले दिवे तिला नको व्हायचे. हे डॉक्टरांना सांगायचं असतं. 'बरं दिसत नाही' हे सगळेच सांगतात.

पायरी २: कागद

ह्यात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लेन्सचं स्टिकर. ऑपरेशननंतर लेन्सच्या डब्यावरचं छोटं स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवतात, त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि सिरीयल नंबर असतो. आईचं कार्ड मेडिकलच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडलं. पॉवर २१.५ लिहिलेली होती आणि मॉडेलवरून कळलं की लेन्स मल्टिफोकल, म्हणजे लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी आहे, जे आईला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, तिला फक्त 'चष्मा सुटणारी' एवढंच ठाऊक. स्टिकरशिवाय नवीन डॉक्टर अर्धे आंधळे असतात, कारण आतली लेन्स कशाची, घडी होणारी का कडक, एका तुकड्याची का तीन तुकड्यांची ह्यावर काढायची कशी ते ठरतं.

ह्याशिवाय बायोमेट्रीचा रिपोर्ट घ्या, ज्यात ऑपरेशनच्या आधी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची गोलाई मोजलेली असते. ऑपरेशन नोट घ्या, त्यात काही गडबड झाली होती का ते कळतं. जुन्या चष्म्याचे नंबर, अगदी पंधरा वर्षांपूर्वीचे असले तरी. आणि आधी लेसिक झालं असेल तर त्याचे कागद.

क्लिनिक टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. आम्हाला आधी 'सिस्टीम डाऊन आहे' सांगितलं, मी अर्जात हा नियम शांतपणे एका ओळीत लिहिला, दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टीम वर आली.

पायरी ३: लेन्सवर आळ घ्यायच्या आधी

लेन्स निर्दोष असूनही दिसायला त्रास होतो, आणि तसं असेल तर बदलून काही उपयोग नाही, उलट नसता उपद्व्याप. डोळा कोरडा पडणं हे तर घरटी एक, ऑपरेशननंतर ते वाढतं, आणि कोरड्या डोळ्यावर मोजमाप घेतलं तर तेही चुकतं. त्याला साधे ल्युब्रिकंट ड्रॉप आणि गरम शेक, काही आठवडे. मागच्या पडद्याला सूज येऊ शकते, साधारण ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्याने, डायबेटिस असेल तर जास्त शक्यता, ती ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये दिसते आणि बहुतेकदा ड्रॉपने उतरते. ओसीटी न करता कोणी लेन्स बदलायचं बोलत असेल तर मी तरी तिथून उठेन.

आईचं जे जे केलं ते सांगते: चष्म्याचा नंबर, बाहुली मोठी करून लेन्सची तपासणी, ओसीटी, कॉर्नियाचा नकाशा म्हणजे टोपोग्राफी, डोळ्याचं प्रेशर, नवीन बायोमेट्री, आणि स्पेक्युलर म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची मोजणी. ह्या पेशी मेल्या की परत येत नाहीत आणि डोळ्याच्या आतल्या प्रत्येक ऑपरेशनमध्ये थोड्या जातातच, म्हणून दुसऱ्यांदा आत जायच्या आधी मोजतात. आईचा आकडा २१०० च्या आसपास आला, डॉक्टर म्हणाले चालेल. हा आकडा फारच कमी असेल तर लेन्स बदलताना कॉर्निया सुजून कायमचा पांढुरका होण्याची भीती असते. बाहुली मोठी करतात त्या दिवशी तीन-चार तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही, काळा चष्मा न्या आणि सोबत माणूस.

याग: इथे घाई नको

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आमची गाडी इथेच पंक्चर होणार होती.

याग लेझर वाईट नाही. जाळी खरोखर आली असेल तर त्याच्याइतका सोपा इलाज नाही, न दुखता पाच-दहा मिनिटांत मागच्या गढूळ सालीला मधोमध खिडकी पाडतात आणि एक-दोन दिवसांत लख्ख दिसतं. माझ्या सासऱ्यांचं झालंय, ते त्याच संध्याकाळी पेपर वाचत होते. पण ती खिडकी एकदा पाडली की बुजत नाही. आणि त्या खिडकीच्या मागे काय असतं, तर डोळ्यातलं जेलीसारखं द्रव्य, व्हिट्रियस. साल अखंड असताना लेन्स काढली तर सगळं काम बॅगेच्या आत चालतं, ते मागे बंद राहतं. खिडकी पाडलेली असताना लेन्स काढायला गेलं की ते पुढे येऊ शकतं, मग ते मशीनने कापून साफ करावं लागतं, पडद्यावर ताण येतो, आणि नवीन लेन्स बॅगेत बसेलच ह्याची खात्री राहत नाही. यागनंतर लेन्स बदलताच येत नाही असं नाही, अनुभवी सर्जन करतात, पण तेच काम कितीतरी पटीने जोखमीचं होतं.

आता बघा, मल्टिफोकलने त्रासलेला पेशंट येतो, मागे थोडी जाळी दिसते (चार महिन्यांत किंचित जाळी बऱ्याच जणांना दिसते), डॉक्टरला वाटतं हीच असेल, लेझर मारलं जातं. कडी तशीच राहतात. मग कळतं की लेन्सच मानवत नव्हती, आणि तोवर सोपा रस्ता बंद झालेला असतो. दुसरा प्रकार, काही लेन्स काही वर्षांनी स्वतःच गढूळ होतात, विशेषतः पाणी धरून ठेवणाऱ्या ॲक्रिलिकच्या, त्यांच्यावर कॅल्शियम साचतं. वरवर बघितलं तर जाळीसारखंच वाटतं. त्यावर लेझर मारून शून्य फायदा, तिथे लेन्स बदलणं हाच उपाय, आणि लेझरने तेच अवघड करून ठेवलेलं.

म्हणून यागची तारीख मिळाली की एवढं विचारा: माझा त्रास पूर्णपणे जाळीमुळेच आहे ह्याची खात्री आहे का, लेन्स बदलायची वेळ येऊ शकेल असं जरासुद्धा वाटतंय का? दुसऱ्याचं उत्तर 'कदाचित' असेल तर लेझर थांबवा. काही अपवाद सोडले तर जाळीला चार आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही.

पायरी ४: बदलायचीच का, की दुसरं काही

सगळ्यात कमी जोखमीचा उपाय पहिला, आणि तो म्हणजे चष्मा. अर्धा-पाऊण नंबर राहिलाय म्हणून डोळा परत उघडायला लावणाऱ्यांचं मला कळत नाही, पण पैसे 'चष्मा सुटेल' म्हणून घेतलेले असतात त्यामुळे राग येतो हेही खरं. रागात ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका एवढंच.

तिरप्या नंबरासाठीची टोरिक लेन्स असेल आणि ती फिरली असेल तर ती बदलायची गरजच नसते, आत जाऊन परत जागेवर फिरवतात. एका अंशाने फिरली तर साधारण ३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली तर सगळाच, त्यामुळे दहा-पंधरा अंशांचा फरकसुद्धा जाणवतो. हे पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यायचं असतं, बॅग चिकटायच्या आत.

नंबर थोडा चुकला असेल तर कॉर्नियावर लेसिकसारखं लेझर करता येतं, डोळ्याच्या आत जावं लागत नाही, पण कॉर्निया जाड आणि निरोगी हवा आणि डोळा कोरडा नको. आणखी एक म्हणजे आहे त्या लेन्सच्या पुढे दुसरी पातळ लेन्स टाकायची, पिगीबॅक म्हणतात, जुनी लेन्स घट्ट चिकटली असेल किंवा याग होऊन गेलं असेल तर हा मार्ग बरा पडतो.

बदलणं कधी, तर नंबर बराच चुकलाय आणि दोन डोळ्यांत एवढा फरक पडलाय की चष्मा लावला तरी डोकं गरगरतं, लेन्स सरकलीय, लेन्स गढूळ झालीय, लेन्सची कड आतल्या रंगीत पडद्याला घासून वारंवार सूज, रक्त, प्रेशर होतंय, किंवा मल्टिफोकल मानवत नाही. मल्टिफोकल लेन्स आत येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या प्रतिमेत वाटून टाकते, त्यामुळे कडी दिसणं आणि फिकेपणा हा तिचा दोष नसून स्वभाव आहे. बहुतेकांचा मेंदू तीन ते सहा महिन्यांत त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. काहींचा नाही शिकत.

इथे एक ओढाताण आहे. मेंदूला वेळ द्यायचा तर थांबायला हवं, बॅग चिकटायच्या आत बदलायची तर लवकर करायला हवं. चुकलेल्या नंबराला थांबण्यात काही हशील नाही, महिनाभरात नंबर स्थिर झाला की निर्णय घ्या. मल्टिफोकलला वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं तीन महिने प्रामाणिकपणे द्या, त्या काळात याग नको, आणि दुसऱ्या डोळ्याला हात लावू नका. आमचे तीन होऊन गेलेच होते. वर्षानुवर्षांनीसुद्धा लेन्स काढता येते, फक्त तेव्हा सोडवायला वेळ लागतो.

पायरी ५: कोणाकडून करून घ्यायचं

ठाण्यात नाक्यानाक्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पण रोज वीस मोतीबिंदू करणारा माणूस आणि वर्षात नियमित लेन्स बदलणारा माणूस हे वेगळे असू शकतात. थेट विचारा, तुम्ही स्वतः किती केल्यात, शेवटची कधी केली. चांगल्या डॉक्टरला ह्याचा राग येत नाही. दुसरं, त्याच छताखाली किंवा निदान फोनवर येणारा रेटिना सर्जन आहे का, कारण लेन्स मागे पडली तर त्याचीच गरज लागते. तिसरं, बॅग फाटली तर तुमचा दुसरा बेत काय, आणि त्यासाठीची लेन्स त्या दिवशी टेबलावर असेल का. ह्या तिसऱ्या प्रश्नावर आमच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तिथेच आईने ठरवलं.

बजेटचा प्रश्न असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत, तिथे नेत्र विभाग आहेत, पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट फक्त डोळ्यांचंच आहे, आणि मुंबईत जे. जे. आहेच. जायच्या आधी फोन करून 'लेन्स एक्स्चेंज होतं का आणि कोणत्या वारी' एवढं विचारा, नाहीतर ट्रान्स हार्बर लोकलने फुकट चक्कर. नंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने जावंच लागतं, मधे काही दुखलं-खुपलं तर वेगळं, त्यामुळे अंतराचा विचार करा.

पैसे आणि मेडिक्लेम

एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात लेन्स, ओटी, सर्जनची फी आणि व्हिट्रेक्टॉमी (पुढे आलेलं व्हिट्रियस मशीनने कापून साफ करणं) लागली तर तिचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, हा शेवटचा आकडा नंतर अचानक येतो. बऱ्याच मेडिक्लेममध्ये मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे मर्यादा असते, उदाहरणार्थ आरोग्य संजीवनी पॉलिसीत विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, जे कमी असेल ते. लेन्स बदलणं ह्या मर्यादेत धरतात की वेगळं, हे कंपनीला आधी ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या 'हो मॅडम होऊन जाईल' ला किंमत नाही. डॉक्टरच्या पत्रात 'पेशंटची इच्छा' असं न येता वैद्यकीय कारण आलं पाहिजे. आणि पहिल्या ठिकाणी खरंच निष्काळजीपणा झालाय असं वाटत असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पण मल्टिफोकल न मानवणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

पायरी ६: ऑपरेशनच्या आधी

सगळ्या गोळ्यांची यादी द्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, विचारा. पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतलेली असेल तर आवर्जून सांगा, त्या गोळीने डोळ्यातला रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशनमध्ये फडफडतो. शुगर आणि बीपी आटोक्यात हवं. पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये असं आमच्याकडे आत्यापासून सगळ्यांनी सांगितलं, तसं आता काही राहिलेलं नाही.

नवीन लेन्सच्या पॉवरचा हिशोब डॉक्टर करतात, पण तो असा सरळ नसतो की चष्म्याचा नंबर उणे २ आला म्हणून लेन्स २ ने कमी. साधारण सव्वा ते दीडपट धरावं लागतं, आणि लेन्स बॅगेत न बसता बॅगेच्या पुढे बसवायची वेळ आली तर पॉवर अर्धा ते एकने कमी घेतात. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या लेन्स तयार ठेवतात. आम्ही साधी, एकाच अंतराची लेन्स घेतली, लांबचं स्पष्ट आणि जवळला चष्मा. म्हणजे चष्मा सोडवायला गेलो आणि पैसे देऊन परत आणला. आईचं म्हणणं होतं वाचायला चष्मा लावायला मी पंचवीस वर्षं लाजले नाही, आता काय लाजायचं.

आत काय करतात

आईला डोळ्याभोवती सुई देऊन बधिर केलं होतं, कारण मोतीबिंदूपेक्षा वेळ जास्त लागतो, काही ठिकाणी ड्रॉपवरही करतात. छोट्या छेदातून आत जेल सोडतात, आणि ते जेल हळूहळू लेन्स आणि साल ह्यांच्या मधे घुसवत जातात, आधी एका बाजूने मग दुसऱ्या. पापड लाटताना कडेने सुटवत सुटवत मध्यापर्यंत येतात तसं. सगळ्यात अवघड हात सोडवणं, ते जोराने ओढले तर बॅगच तिला धरून ठेवणाऱ्या तंतूंपासून सुटते, म्हणून लेन्स गोल फिरवत फिरवत बाहेर आणतात. एखादा हात अगदीच सुटत नसेल तर तो कापून आतच ठेवतात, त्याने काही होत नाही.

लेन्स बॅगेबाहेर आली की डोळ्याच्या पुढच्या भागात ती बारीक कात्रीने कापतात, पूर्ण दोन तुकड्यांत किंवा मध्यापर्यंतच, आणि तुकडा फिरवून त्याच छोट्या छेदातून काढून घेतात. जुन्या कडक लेन्सची घडी होत नाही, तिला सहा मिलिमीटरचा छेद आणि टाके लागतात. मग नवीन लेन्स त्याच बॅगेत. बॅग धड नसेल तर तीन तुकड्यांची लेन्स बॅगेच्या पुढच्या कोनाड्यात, आणि बॅगच राहिली नसेल तर लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अडकवतात. त्यातली ग्लूची पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल ह्यांची, आणि लेन्सच्या हाताचं टोक गरम करून गाठ करायची बिनटाक्याची पद्धत जपानच्या डॉ. यामाने ह्यांची. आमच्या मजल्यावरच्या एका काकांची लेन्स वर्षांनंतर मागे पडली होती, त्यांचं रेटिना सर्जनने ह्या दुसऱ्या पद्धतीने केलं, आता व्यवस्थित आहेत.

धोके लपवण्यात अर्थ नाही. बॅग फाटणं, व्हिट्रियस पुढे येणं, पडदा सुटणं, पडद्याला सूज, प्रेशर वाढणं, कॉर्निया सुजणं, क्वचित जंतुसंसर्ग, आणि नंबर परत थोडा चुकणं. सगळं पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त शक्यतेचं. संमतीपत्र घरी आणून वाचा, ओटीच्या दारात नाही.

पायरी ७: नंतर

पहिले दोन दिवस आईला धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं, कॉर्नियाला थोडी सूज होती, आठवड्यात उतरली. ड्रॉप चार ते सहा आठवडे, स्टिरॉइडचा ड्रॉप हळूहळू कमी करत जायचा, मधेच सोडायचा नाही, आणि काहींचं प्रेशर ह्याच ड्रॉपने वाढतं म्हणून ते तपासून घ्यायचं. दोन ड्रॉपच्या मधे पाच मिनिटं. मी फ्रिजवर तक्ता चिकटवला होता, आई त्यावर बरोबरची खूण करायची, एकदा तिने ड्रॉप न घालताच खूण केली आणि पकडली गेली.

डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी साधारण आठवडाभर नाही, फोडणीच्या धुरापासून लांब, वजन उचलणं नाही, रात्री प्लास्टिकची झापड लावून झोपायचं. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी जायचं नाही, एक कोपर पुरतो. दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसणं एकदम कमी झालं, काळे ठिपके अचानक खूप वाढले, विजा चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर रात्र असली तरी फोन, सकाळची वाट नाही. चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने काढा, त्याआधी चष्मा करून पैसे घालवू नका.

आता आईचा डावा डोळा बाकी आहे. एका डोळ्याचा घोळ सुटत नाही तोवर दुसरा करायचा नाही हे तिघांही डॉक्टरांनी सांगितलं, कारण पहिल्या डोळ्यात हिशोब किती आणि कुठल्या बाजूला चुकला हे दुसऱ्याची पॉवर ठरवताना कामाला येतं. म्हणून तिच्या फाइलमध्ये दोन्ही स्टिकर आहेत, काढलेल्या लेन्सचं आणि बसवलेल्या लेन्सचं, आणि वरती तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'डावा - साधी लेन्स. मला विचारल्याशिवाय ठरवू नये.'